नायट्राइल हवं, सायनाइड नको!

मित्रांनो, 'केमिकलवाल्यांचा लेख' म्हणून लगेच पान उलटू नका! आधी आपल्या रूमवर एक नजर टाका. खुंटीला लटकलेला ॲक्रिलिकचा स्वेटर, कपाटावरचं हेल्मेट, चपलेचा अंगठा चिकटवायला आणलेलं फेविक्विक आणि मुलींच्या होस्टेलमध्ये हल्ली प्रत्येक आरशापाशी दिसणारी नायसिनामाइड सीरमची बाटली. या सगळ्यांच्या जन्मकुंडलीत एक नाव सामाईक आहे, ते म्हणजे नायट्राइल. स्वेटर हा ॲक्रिलोनायट्राइलच्या लांबलचक साखळ्यांचा. हेल्मेट एबीएस प्लॅस्टिकचं असेल तर त्यातला 'ए' म्हणजे तेच ॲक्रिलोनायट्राइल. फेविक्विक हे सायनोॲक्रिलेट, म्हणजे नावातच सायनो. नायसिनामाइड कारखान्यात बनतं ते ३-सायनोपिरिडीनपासून. घरी माझे आजोबा डायबेटिससाठी व्हिल्डाग्लिप्टिन घेतात. त्या गोळीतही नायट्राइलचा गट आहे आणि शरीरातल्या एन्झाइमला जाऊन पकडतो तो नेमका तोच.

तर ही मंडळी आपल्या आजूबाजूला सुखाने नांदत असतात. प्रश्न आहे तो ती बनवायची कशी हा. पुस्तकातलं उत्तर सोपं आहे, 'सायनाइड घाला'. परीक्षेत त्याला दोन मार्कही मिळतात. पण प्लांटमध्ये ते सायनाइड कोणीतरी ड्रम उघडून घालावं लागतं, आणि तो 'कोणीतरी' आपल्यापैकीच एखाद्याचा बाबा, काका नाहीतर दोन वर्षांनी आपण स्वतः असतो. म्हणून हा लेख.

(माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे कॅटॅलिस्टला मी कॅटॅलिस्टच म्हणणार. 'उत्प्रेरक' हा शब्द मला संपादक मंडळाने शिकवला. छान आहे, पण तोंडात बसत नाही!)

आधी ओळख करून घेऊ. कार्बन आणि नायट्रोजन यांनी एकमेकांना तीन हातांनी धरलं की तो झाला नायट्राइल गट. कार्बनचा उरलेला चौथा हात बाकीच्या रेणूला धरून ठेवतो. १८४४ साली हर्मान फेहलिंग यांनी अमोनियम बेन्झोएट तापवून बेन्झोनायट्राइल मिळवलं आणि त्यांनी दिलेल्या या नावावरूनच पुढे सगळ्या घराण्याला नाव पडलं. हो, हे तेच फेहलिंग, ज्यांच्या निळ्या सोल्युशनने अकरावी-बारावीत आपल्याला विटकरी रंगाची वाट बघायला लावली. गंमत म्हणजे त्यांच्या त्या प्रयोगात सायनाइड कुठेच नव्हतं. अमोनियम क्षार तापवला, पाणी उडून गेलं, नायट्राइल उरलं. म्हणजे विषाशिवायचा रस्ता पहिल्या दिवसापासून होता. पण बऱ्याच नायट्राइल्ससाठी तो गैरसोयीचा म्हणून लोक सायनाइडकडे वळले.

इथे एक गोंधळ दूर करते. नायट्राइल म्हणजे सायनाइड नव्हे. सोडियम सायनाइडमध्ये सीएन हा मोकळा आयन असतो, पाण्यात टाकला की सुटा. नायट्राइलमध्ये तोच सीएन कार्बनला घट्ट बांधलेला असतो. म्हणून स्वेटर घालून कोणी मरत नाही. मात्र सगळी नायट्राइल्स साधीभोळी आहेत असंही समजू नका. ॲसिटोनायट्राइल पोटात गेलं तर शरीर त्याचं हळूहळू सायनाइड करतं, आणि ॲक्रिलोनायट्राइल तर स्वतःच चांगलं विषारी आहे. निसर्गालाही हा प्रकार माहीत आहे. ज्या कंदापासून साबुदाणा करतात त्या टॅपिओकात लिनामारिन नावाचं नायट्राइल असतं आणि कंद चिरडला की त्यातून सायनाइड सुटतं. धुणं, वाळवणं, भाजणं या प्रक्रियेत ते निघून जातं, तेव्हा उपासाची खिचडी बिनधास्त खा.

केमिस्ट लोकांचं या गटावर एवढं प्रेम का? कारण हा गट म्हणजे कोरा चेक आहे. पाणी दिलं की अमाइड, अजून पाणी दिलं की ॲसिड. हायड्रोजन दिला की अमाइन. ॲझाइड दिलं की टेट्राझोल, आणि हे टेट्राझोल म्हणजे ब्लडप्रेशरच्या लोसार्टान गोळीतला मुख्य भाग. (सबमिशनच्या आठवड्यात आमच्यामुळे ज्या सरांना ही गोळी लागते त्यांनी राग मानू नये.) आधी नायट्राइल करून ठेवायचं आणि मग हवं तिकडे वळवायचं, ही औषध कंपन्यांची नेहमीची चाल आहे.

आता मुख्य खलनायक. हायड्रोजन सायनाइड, म्हणजे एचसीएन, १७८२ साली शेले या स्वीडिश केमिस्टने प्रशियन ब्लू नावाच्या निळ्या रंगापासून मिळवलं. याचा उत्कलनबिंदू सुमारे २६ अंश सेल्सियस. म्हणजे आपल्याकडे मार्च महिन्याच्या दुपारी ते द्रव राहायलाच तयार नाही. हवेच्या दहा लाख भागांत त्याचे काहीशे भाग झाले की माणसाला फार वेळ मिळत नाही. कडू बदामासारखा वास येतो म्हणतात, पण काही लोकांना हा वास जन्मतःच येत नाही, त्यामुळे नाकावर भरवसा ठेवून प्लांट चालत नाही.

ते मारतं कसं हे समजून घेणं पुढच्या केमिस्ट्रीसाठी फार उपयोगी आहे. आपल्या पेशींत सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम आहे. त्यातल्या लोखंडाच्या अणूवर ऑक्सिजन येऊन वापरला जातो. सायनाइडला धातू भारी आवडतात. ते येऊन त्या लोखंडाला असं चिकटतं की ऑक्सिजनला जागाच मिळत नाही. रक्त ऑक्सिजनने भरलेलं, पण पेशी उपाशी! मेसमध्ये ताटं वाढलेली आहेत आणि सगळ्यांचे जबडे बांधलेले आहेत, तशातली गत. 'सायनाइडला धातू आवडतात' हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे ते दोनदा कामाला येणार आहे, एकदा आपल्या विरोधात आणि एकदा आपल्या बाजूने.

आणि एक गुपित. बारावीत लॅसेन टेस्ट केली असेल ना? सोडियमचा तुकडा सेंद्रिय पदार्थाबरोबर लालबुंद तापवायचा, पाण्यात फोडायचा, फेरस सल्फेट घालायचं आणि निळा रंग आला की 'नायट्रोजन प्रेझेंट' लिहायचं. त्या छोट्या नळीत आपण सगळ्यांनी किंचित सोडियम सायनाइड बनवलं होतं! निळा रंग आला तो प्रशियन ब्लूचा, म्हणजे शेलेने जिथून सुरुवात केली तिथेच आपण उलट्या दिशेने पोहोचलो होतो.

जुन्या पद्धती आता भराभर. अल्काइल हॅलाइड घ्या, सोडियम सायनाइड घाला, नायट्राइल तयार. बेन्झिनच्या रिंगवर सीएन बसवायचा असेल तर डायझोनियम क्षारावर कॉपर सायनाइड घाला, ही १८८४ ची सँडमेयर पद्धत. किंवा ॲराइल हॅलाइड आणि कॉपर सायनाइड दीडशे ते अडीचशे अंशांवर तापवा, ही रोझेनमुंड–फॉन ब्राउन. कॉपर सायनाइड इथे चिमूटभर लागत नाही, रेणूला रेणू लागतं. शेवटी नायट्राइलबरोबर तेवढंच तांबं आणि उरलंसुरलं सायनाइड असलेला गाळ हातात येतो, आणि त्याचं काय करायचं हे पुस्तकात लिहिलेलं नसतं.

माझ्या रूममेटचे बाबा एका केमिकल कंपनीत ऑपरेटर आहेत. त्यांच्याकडे एका प्रॉडक्टसाठी सोडियम सायनाइड लागतं. ते चार्ज करायचं असेल त्या दिवशी दोन माणसं असल्याशिवाय ड्रमला हात लावायचा नाही, एक काम करणार आणि दुसरा फक्त त्याच्याकडे बघत उभा राहणार. आसपास ॲसिडचा थेंब असता कामा नये, कारण सायनाइडवर ॲसिड पडलं की एचसीएन वायू सुटतो. काकांची ड्यूटी रात्रीची असली की रूममेट सकाळी सातचा फोन येईपर्यंत चहा घेत नाही. दिवाळीत मी त्यांच्या घरी गेले होते. मी केमिकलला आहे म्हटल्यावर काकांनी विचारलं, "मग तुम्ही लोक शिकून तो ड्रम बंद करणार का?" मी म्हटलं, "काका, प्रयत्न चालू आहेत." ते हसले. पण खरंच कुठे आणि काय प्रयत्न चालू आहेत हे मी परत आल्यावर लायब्ररीत बसून वाचून काढलं.

पहिला टप्पा १९७१ चा. चार्ल्स स्टार्क्स या अमेरिकन केमिस्टने १-क्लोरोऑक्टेन आणि पाण्यातलं सोडियम सायनाइड एकत्र घेतलं. तेल आणि पाणी, दोघं दोन थरांत तोंड फिरवून बसतात. कितीही तापवा, कितीही ढवळा, काही होत नाही. त्यात त्यांनी थोडासा फॉस्फोनियम क्षार टाकला आणि काम दोनेक तासांत फत्ते! हा क्षार म्हणजे नावाडी. पाण्यातून सायनाइडला उचलतो, तेलाच्या काठावर सोडतो, परतीला क्लोराइड घेऊन येतो. याला फेज ट्रान्सफर कॅटॅलिसिस म्हणतात. महागडी सॉल्व्हंट्स वाचली, उष्णता वाचली. पण काकांचा ड्रम? तो होता तिथेच आहे. रिॲक्शन सुधारली, विष तेच राहिलं. म्हणून माझ्या मते ही पद्धत हुशार आहे, पण आपल्या प्रश्नाचं उत्तर नाही.

खरी क्रांती त्याच्या आधीच झाली होती, आणि तीही तेलकंपनीत! १९५० च्या दशकात ॲक्रिलोनायट्राइल बनवायचे दोन रस्ते होते. ॲसिटिलीनवर एचसीएन घाला, किंवा इथिलीन ऑक्साइडवर एचसीएन घाला. दोन्हीकडे एचसीएन टनाने. ओहायोच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीत, म्हणजे सोहायोत, प्रोपिलीनपासून ॲक्रोलीन करायच्या कॅटॅलिस्टवर काम चालू होतं. जेम्स आयडॉल यांनी १९५७ मध्ये त्यात प्रोपिलीन आणि हवेबरोबर अमोनियाही सोडला आणि एका फटक्यात ॲक्रिलोनायट्राइल मिळालं. कॅटॅलिस्ट बिस्मथ फॉस्फोमॉलिब्डेट. १९६० मध्ये ओहायोतल्या लायमा गावी पहिला प्लांट सुरू झाला, आणि आज जगातलं ९० टक्क्यांहून जास्त ॲक्रिलोनायट्राइल याच पद्धतीने बनतं. प्रोपिलीन, अमोनिया आणि हवा. कच्च्या मालात सायनाइडचं नावही नाही.

हे चालतं कसं ते बघा, कारण यातली आयडिया मला फार आवडते. तापमान चारशे ते पाचशे अंश, फ्लुइडाइज्ड बेड, म्हणजे कॅटॅलिस्टची बारीक पूड वायूच्या झोताने उकळत्या दुधासारखी वरखाली होते. बिस्मथ प्रोपिलीनचा एक हायड्रोजन काढून घेतो. मॉलिब्डेनमवर आधीच अमोनियातला नायट्रोजन येऊन बसलेला असतो, तो कार्बनला जोडला जातो. बाकीचे हायड्रोजन पाणी होऊन बाहेर. आता पाण्यासाठी लागणारा ऑक्सिजन कोण देतं? हवा, असं तुम्ही म्हणाल. तर थेट नाही! कॅटॅलिस्ट स्वतःच्या स्फटिकातला ऑक्सिजन काढून देतो आणि मग हवेतून भरून घेतो. कोपऱ्यावरचा किराणावाला जसा फळीवरचा डबा काढून देतो आणि संध्याकाळी टेम्पो आला की फळी पुन्हा भरतो, तसं. मार्स आणि व्हॅन क्रेव्हेलेन या दोघांनी १९५४ मध्ये ऑक्सिडेशनचा हा हिशेब मांडला होता. याचा फायदा असा की प्रोपिलीनला मोकळा ऑक्सिजन थेट भिडत नाही, आणि ते सरळ जळून कार्बन डायऑक्साइड होण्याचं प्रमाण कमी राहतं. याच धर्तीवर टोल्युइनपासून बेन्झोनायट्राइल आणि ३-पिकोलीनपासून ३-सायनोपिरिडीन बनतं, कॅटॅलिस्ट बहुधा व्हॅनेडियम ऑक्साइडचा. तुमच्या सीरमची बाटली इथून निघते.

पण पूर्ण सत्य सांगायचं तर सोहायोच्या रिॲक्टरमध्येही बाजूला थोडं एचसीएन बनतंच, आणि थोडं ॲसिटोनायट्राइलही. ते एचसीएन तिथल्या तिथे वापरून टाकतात किंवा जाळतात. ॲसिटोनायट्राइलची कथा वेगळीच मजेशीर आहे. जगभरच्या औषध प्रयोगशाळांत एचपीएलसी नावाच्या तपासणी यंत्राला ते लागतं, आणि ते येतं या प्लांटचं उप-उत्पादन म्हणून. २००८ मध्ये मंदी आली, गाड्या आणि गालिच्यांचा खप पडला, ॲक्रिलोनायट्राइलचे प्लांट मंदावले. त्यातच बीजिंग ऑलिंपिकसाठी चीनमधले कारखाने बंद ठेवले गेले आणि टेक्सासला आइक वादळाचा तडाखा बसला. परिणाम काय, तर जगभरच्या लॅबमध्ये ॲसिटोनायट्राइलसाठी रांगा! आमच्या लॅबचे काका सांगतात, त्या काळात बाटली कुलपात असायची.

ही पद्धत दणकट, पण पाचशे अंशांवर टिकणाऱ्या लहान रेणूंसाठी. औषधाचा नाजूक रेणू या भट्टीत टाकला तर कोळसा हाती येईल. तिथे काय? तिथे २००४ मध्ये जर्मनीतल्या रोस्टॉक शहरातून एक छान उत्तर आलं. माथियास बेलर यांच्या गटाने सायनाइडच्या जागी पोटॅशियम फेरोसायनाइड वापरलं.

नाव ऐकून दचकू नका. हे पिवळे स्फटिक मिठाचे गोळे होऊ नयेत म्हणून अत्यल्प प्रमाणात खाण्याच्या मिठात घालायला परवानगी आहे, आपल्याकडेही. एका लोखंडाभोवती सहा सायनाइड, आणि 'सायनाइडला धातू आवडतात' हे वाक्य इथे आपल्या बाजूने काम करतं. ती सहाही जणं लोखंडाला इतकी घट्ट धरून असतात की सुटी होऊन कोणाला मारायला जात नाहीत. पोटॅशियम सायनाइडचा घातक डोस वजनाच्या किलोमागे काही मिलिग्रॅममध्ये मोजतात, तर फेरोसायनाइडचा हिशेब ग्रॅममध्ये जातो. हाच प्रकार आपल्या बी-१२ च्या गोळीत आहे. तिचं पूर्ण नाव सायनोकोबालामिन, म्हणजे कोबाल्टला बांधलेलं सायनाइड आपण रोज सकाळी गिळतो! उलट सायनाइडची बाधा झालेल्या माणसाला हायड्रॉक्सोकोबालामिन टोचतात. त्यातला कोबाल्ट सायनाइडला पकडतो, त्याचं बी-१२ होतं आणि ते लघवीतून निघून जातं. केमिस्ट्रीत इतका सुंदर न्याय क्वचित बघायला मिळतो.

पण मग एवढ्या घट्ट बांधलेल्या सायनाइडचा रिॲक्शनला उपयोग काय? तर १२० अंशांच्या आसपास ते हळूहळू सुटतं आणि पॅलेडियमचा कॅटॅलिस्ट त्याला ॲराइल हॅलाइडवर नेऊन बसवतो. सहाच्या सहा सायनाइड कामाला येतात. आणि खरी गंमत 'हळूहळू' या शब्दात आहे. सोडियम सायनाइड वापरलं तर ही पॅलेडियमची रिॲक्शन बरेचदा मध्येच मरते. का? कारण सायनाइडला धातू आवडतात! भरपूर सायनाइड एकदम आलं की ते पॅलेडियमलाच चिकटून बसतं आणि त्याचं काम बंद पाडतं, अगदी पेशीतल्या लोखंडाचं करतं तसंच. फेरोसायनाइड थेंबथेंब सोडतं, त्यामुळे माणूसही वाचतो आणि कॅटॅलिस्टही. सुरक्षित पद्धत म्हणजे उत्पन्नात तडजोड, असं आपण गृहीत धरतो. इथे जे माणसाला सोसवतं तेच धातूला सोसवतं. हे वाचलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता आणि मी रूममेटला उठवून सांगितलं. तिने उशी फेकून मारली.

याचेही नखरे आहेतच. फेरोसायनाइडवर गरम तीव्र ॲसिड पडलं तर एचसीएन निघतं, आणि उन्हात ठेवलेल्या द्रावणातूनही थोडं सायनाइड सुटतं. म्हणजे 'मिठात असतं' म्हणून निष्काळजीपणा नको. शिवाय पॅलेडियम महाग, आणि औषधात त्याचे अंश राहता कामा नयेत म्हणून ते काढायचा खर्च वेगळा.

मग सायनाइड अजिबातच नको असेल तर? नायट्रोजन अमोनियातून घ्या, कार्बन आधीपासून रेणूतच असू द्या. अल्कोहोल, अमोनिया आणि ऑक्सिजन. अल्कोहोलचं ॲल्डिहाइड होतं, ॲल्डिहाइडला अमोनिया भेटला की इमाइन, इमाइनमधून दोन हायड्रोजन काढले की नायट्राइल. हिशेब मांडा, एका रेणूमागे तीन पाण्याचे रेणू बाहेर पडतात आणि बाकी काही नाही. २०१४ मध्ये राजेनहळ्ळी जगदीश आणि बेलर यांच्या गटाने हे कोबाल्ट ऑक्साइडच्या नॅनो कणांवर करून दाखवलं. कण नायट्रोजन मिसळलेल्या कार्बनमध्ये गुंडाळलेले, गाळून पुन्हा वापरता येणारे. पॅलेडियमच्या मानाने कोबाल्ट स्वस्त. त्याच सुमारास तांब्याचा क्षार आणि टेम्पो नावाचं संयुग वापरून हेच काम सौम्य तापमानावर होतं असेही पेपर आले. मात्र यात एक मेख आहे. अमोनिया हवेत साधारण १५ ते २८ टक्के झाला की पेट घेऊ शकतो, आणि आपण तर त्यात मुद्दाम ऑक्सिजन सोडतोय. तेव्हा ही पद्धत बिनविषारी असली तरी बिनधोक नव्हे, वायूंचं प्रमाण सांभाळणं हा इंजिनिअरचा भाग.

एन्झाइमवालेही मागे नाहीत. जपानच्या यासुहिसा आसानो यांनी मातीतल्या जिवाणूंत ॲल्डॉक्साइम डिहायड्रेटेज शोधलं. ते ऑक्झाइममधलं पाणी काढून नायट्राइल करतं, साध्या तापमानाला, पाण्यात. जर्मनीतल्या हाराल्ड ग्रोगर यांच्या गटाने आसानोंबरोबर त्यावर पुढे बरंच काम केलं. वाचायला स्वप्नवत वाटतं. पण ऑक्झाइम बनवायला हायड्रॉक्सिलअमाइन लागतं, आणि त्याचं तीव्र द्रावण स्फोटक असतं. फेब्रुवारी १९९९ मध्ये पेनसिल्व्हेनियात ॲलनटाउनजवळ अशाच एका कारखान्यात स्फोट होऊन पाच जण गेले. म्हणून कुठल्याही पेपरच्या शीर्षकात 'सेफ' दिसलं की मी आता एक पायरी मागे जाऊन बघते, कच्चा माल कुठून आला.

एक अगदी वेगळी कल्पना थोडक्यात. २०१६ मध्ये बिल मोरांडी यांच्या गटाने निकेल आणि ॲल्युमिनियमच्या जोडीने एका नायट्राइलमधला 'एच' आणि 'सीएन' काढून सरळ दुसऱ्या अल्कीनला दिला. एचसीएनची अशी बदली झाली, पण मोकळं एचसीएन बाटलीत कधी भरावंच लागलं नाही.

हे सगळं वाचताना सेफ्टीच्या तासाला ऐकलेलं ट्रेव्हर क्लेट्झ यांचं म्हणणं आठवत होतं. १९७४ च्या फ्लिक्सबरो स्फोटानंतर ते सांगत राहिले की जे साठवलेलंच नाही ते गळणार कसं? आपल्याकडे कोणी पुरेसं ऐकलं नाही. डिसेंबर १९८४ ला भोपाळच्या टाकीत सुमारे चाळीस टन मिथाइल आयसोसायनेट साठवलेलं होतं, जे शेवटचं उत्पादन नव्हतंच, मधला टप्पा होता. त्यानंतर ड्युपाँने टेक्सासच्या ला पोर्ट प्लांटमध्ये चांदीच्या कॅटॅलिस्टवर तेच आयसोसायनेट लागेल तेवढंच बनवून लगेच वापरायची सोय केली. एचसीएनबाबतही मोठ्या प्लांटमध्ये आज हाच विचार चालतो. कारण खरं हेच आहे की नायलॉनसाठी लागणारं ॲडिपोनायट्राइल आजही मोठ्या प्रमाणावर ब्युटाडाइन आणि एचसीएनपासूनच, निकेलच्या कॅटॅलिस्टवर बनतं. सगळीकडून सायनाइड जाणार नाही. पण ड्रममधून, ट्रकमधून, माणसाच्या हातातून ते जाऊ शकतं.

आता आमच्या घरचं. पुढच्या वर्षीच्या प्रोजेक्टसाठी आमच्या चौघांच्या ग्रुपने बेन्झोनायट्राइल घेतलंय. एका मित्राचं म्हणणं होतं, "कॉपर सायनाइड वापरू, यील्ड पक्की, मार्क पक्के." त्यावर गाइड सरांनी एवढंच विचारलं, "ऑरगॅनिक लॅबचं सिंक शेवटी कुठे जातं?" आम्ही शोधून काढलं. सेप्टिक टँकमध्ये जातं, आणि टँक काम करते ती जिवाणूंच्या जिवावर. सायनाइड गेलं तर त्यांची पहिली सुट्टी. कारखान्यात असं पाणी अल्कलीत हायपोक्लोराइट घालून आधी सायनेट आणि मग नायट्रोजन करूनच सोडतात, आमच्याकडे ती सोय नाही. लॅबच्या काकांनी तर विषयच संपवला. म्हणाले, "पोरांनो, त्या कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे आणि ती मी देणार नाही."

तेव्हा आम्ही बेन्झाइल अल्कोहोल, अमोनियाचं पाणी, तांबं आणि टेम्पो हा रस्ता धरलाय. सध्याची अडचण अशी की हवा फुग्यांनी सोडली की अमोनियाच उडून जातो, आणि बंद भांड्यात केलं तर ऑक्सिजन कमी पडतो. थोडी थोडी हवा टप्प्याटप्प्याने देऊन बघणार आहोत.

दुसरी अडचण ऑफिसची होती. पाच ग्रॅम टेम्पोचं बिल अकाउंट्समधून परत आलं. शेरा होता, 'वाहनभाडे या खात्यातून प्रोजेक्टला मंजुरी नाही.' सरांनी त्यावर स्वतःच्या हाताने '२,२,६,६-टेट्रामिथाइलपिपेरिडिन-१-ऑक्सिल' असं पूर्ण नाव लिहून पाठवलं. दुसऱ्या दिवशी बिल पास झालं.